हृदयरोगी आणि दातांचे उपचार : घ्यावयाची काळजी



दातांचे दुखणे म्हणजे काही मरणाचे दुखणे नव्हे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. दाढ किडली की प्रथम लवंग धरायची, मग मेडिकल दुकानातून दुखणे थांबविणारी गोळी आणायची आणि अगदीच सहन होईनासे झाले म्हणजे दंतवैद्याकडे जायचे, हा आपला क्रम. निरोगी माणसाचे यात नुकसान होतेच. पण ज्याला हृदयाचा आजार आहे त्याच्या बाबतीत ही हयगय जीवावर बेतू शकते. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती सोप्या भाषेत देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. वैद्यकीय, दंतवैद्यकीय, नर्सिंग व फार्मसीच्या विद्यार्थ्यांना उजळणी म्हणून आणि इतरांना घरातील आजारी माणसाची काळजी घेण्यासाठी तो उपयोगी पडावा.

एक उदाहरण घेऊ. घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात राहणारी चाळिशीतील एक बाई आहे, असे समजा. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, मग बरे वाटले म्हणून कोणी लक्ष दिले नाही. पुढे दम लागू लागला. तपासणीत हृदयाची झडप खराब झाल्याचे निघाले व नागपूरला ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसविली. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आहे. आता तिची दाढ दुखते आहे. शेजारीण सांगते, "बाई, दाढ काढायची तर आठ दिवस आधी ती गोळी बंद कर, नाही तर रक्त थांबणार नाही." बाई गोळी बंद करते आणि झडपेची गोष्ट दंतवैद्याला सांगतही नाही, कारण सांगितले तर तो दाढ काढणार नाही, अशी तिला भीती आहे.

येथे दोन चुका झाल्या. गोळी बंद केल्यामुळे कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी जमून झडप अडकू शकते किंवा गुठळी मेंदूकडे जाऊन लकवा होऊ शकतो. आजार लपविल्यामुळे तोंडातील जंतू रक्तातून झडपेपर्यंत पोहोचतील तर ते रोखण्याचे औषध तिला मिळाले नाही. दाढेतून येणारे रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबविता येते. अडकलेली झडप तशी सोडविता येत नाही. या लेखाचे सार एवढेच आहे : हृदयाचा आजार लपवू नका, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्याचबरोबर दंतवैद्यानेही केवळ 'हार्ट पेशंट' आहे म्हणून रोग्याला परत पाठवू नये. बहुतेक हृदयरोग्यांचे दात योग्य तयारीनंतर सुरक्षितपणे काढता येतात. किडका दात तोंडात तसाच राहू देणे हाच अनेकदा मोठा धोका असतो.

१) तोंडाचा आणि हृदयाचा संबंध

आपल्या तोंडात असंख्य जंतू असतात. दात काढताना किंवा हिरड्यांखालील कीटण खरवडताना त्यातील काही जंतू थोडा वेळ रक्तात शिरतात. ही गोष्ट ओकेल आणि इलियट या संशोधकांनी १९३५ सालीच दाखवून दिली होती. निरोगी माणसाचे शरीर हे जंतू काही मिनिटांत नष्ट करते. परंतु हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा झडप आधीच खराब असेल तर जंतू तेथे चिकटून वाढतात. या रोगाला एन्डोकार्डायटिस म्हणतात. रोज येणारा बारीक ताप, घाम, अशक्तपणा, वजन घटणे ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास हा रोग प्राणघातक ठरतो, आणि उपचार केला तरी अनेक आठवडे शिरेतून औषधे द्यावी लागतात.

हिरड्या सुजलेल्या असतील तर नुसते चावताना व दात घासतानाही जंतू रक्तात जातात. म्हणजे दात काढण्याच्या दिवशी घेतलेल्या एका औषधापेक्षा वर्षभर तोंड स्वच्छ ठेवणे अधिक मोलाचे आहे.

आपल्या भागात झडपांचे आजार बहुतांशी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापामुळे होतात. हा ताप प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना येतो. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारे औषध ही त्याची मुख्य कारणे, म्हणून गरीब वस्तीत तो अधिक आढळतो. मुलाचा घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी दिले जाणारे बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन चुकवू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची जी तपासणी होते, तीत जन्मजात हृदयरोग, संधिवाताचा हृदयरोग आणि दातांचे आजार या तिन्हींचा समावेश आहे. पालकांनी त्या दिवशी मुलाला शाळेत अवश्य पाठवावे.

२) दाढदुखी की हृदयाचे दुखणे?

काही वेळा हृदयाची कळ छातीत न येता खालच्या जबड्यात येते. रोगी दाढ दुखते म्हणून येतो आणि दाढ तर चांगली असते. चालताना, चढ चढताना किंवा ओझे उचलताना जबडा दुखतो व थांबल्यावर राहतो, दुखणे एका दातात दाखविता येत नाही, सोबत घाम, मळमळ, दम किंवा डाव्या हातात कळ आहे, अशा रोग्याचा दात काढू नये. त्याला ताबडतोब ईसीजीसाठी पाठवावे. उलट गार-गरम लागल्यावर ठणकणारी किंवा ठोकल्यावर दुखणारी दाढ ही बहुधा दाताचीच तक्रार असते.

३) रोग्याला विचारावयाचे प्रश्न

खुर्चीवर बसविण्यापूर्वी पाच मिनिटे विचारपूस करावी. 'काही आजार आहे का?' एवढे विचारून भागत नाही. कारण गोळी चालू असली की पुष्कळांना आपण बरे झालो असेच वाटते व ते 'नाही' म्हणतात. म्हणून पुढीलप्रमाणे नेमके विचारावे :

अ) हार्ट अटॅक आला होता का? केव्हा? ॲन्जिओप्लास्टी, बायपास, झडपेचे ऑपरेशन किंवा पेसमेकर झाला आहे का?
आ) दोन मजले चढल्यावर छातीत दुखते किंवा दम लागतो का? रात्री झोपताना किती उशा लागतात?
इ) सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? सर्व गोळ्यांची पाकिटे व जुनी चिठ्ठी सोबत आणावयास सांगावी.
ई) लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन चालू आहे का?
उ) पेनिसिलीनची ॲलर्जी आहे का? मधुमेह आहे का? खर्रा, तंबाखू, विडी यांचे व्यसन आहे का?

त्यानंतर रक्तदाब मोजावा. १६० / १०० पेक्षा कमी असल्यास नेहमीचे उपचार करता येतात. १८० / ११० किंवा त्याहून अधिक असल्यास तातडीचे नसलेले काम पुढे ढकलून रोग्याला फिजिशियनकडे पाठवावे. रोगी घाबरलेला असेल तर थोडी विश्रांती देऊन पुन्हा मोजावे. पहिल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

४) हार्ट अटॅक, स्टेंट व हार्ट फेल्युअर

पूर्वी हार्ट अटॅकनंतर सहा महिने दाताला हात लावू नये असा नियम शिकविला जात असे. आज केवळ महिने मोजले जात नाहीत. रोग्याची सध्याची स्थिती, छातीतील दुखणे व श्रम करण्याची ताकद पाहिली जाते. तरीही पहिले चार ते सहा आठवडे केवळ तातडीचेच काम करावे, आणि तेही हृदयरोगतज्ज्ञाला विचारून. विश्रांती घेत असतानाही छातीत दुखत असेल किंवा दुखणे अलीकडे वाढले असेल तर दातांचे काम थांबवून रोग्याला रुग्णालयात पाठवावे.

स्टेंट बसविलेल्या रोग्याला ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारख्या दोन गोळ्या साधारणपणे सहा महिने ते एक वर्ष एकत्र घ्याव्या लागतात. त्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन मोठा हार्ट अटॅक येऊ शकतो. दात काढण्यासाठी त्या बंद करू नयेत.

हार्ट फेल्युअरच्या रोग्याला खुर्चीत सपाट झोपवू नये; पाठ उंच ठेवून अर्धवट बसवावे. काम थोडे व थोड्या वेळाचे असावे. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उठल्यास चक्कर येते, म्हणून काम झाल्यावर दोन मिनिटे बसवून मगच उभे करावे. ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन घेणाऱ्या काही रोग्यांच्या हिरड्या सुजून वाढतात, हेही लक्षात ठेवावे.

५) भूल देताना

पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते की हृदयरोग्याला ॲड्रेनलिन असलेली भुलीची सुई चालतच नाही. हे पूर्णपणे खरे नाही. भूल नीट बसली नाही तर दुखण्यामुळे व भीतीमुळे रोग्याच्या शरीरातच ॲड्रेनलिन मोठ्या प्रमाणात तयार होते. म्हणून उत्तम भूल देणे हाच हृदयाचा बचाव होय. मात्र एका बैठकीत ॲड्रेनलिनची मर्यादा ०.०४ मि.ग्रॅ. समजावी. १ : ८०,००० प्रमाणाच्या लिग्नोकेनमध्ये ही मर्यादा सुमारे ३.२ मि.लि. व १ : २,००,००० प्रमाणात ८ मि.लि. इतकी येते. सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही याची खात्री करावी व औषध सावकाश सोडावे. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या रोग्याचा रक्तदाब ॲड्रेनलिनने एकदम वाढू शकतो. तेथे अधिक जपावे. आजार आटोक्यात नसलेल्या रोग्याला मात्र ॲड्रेनलिनसह नको व त्याविनाही नको. आधी त्याचा आजार आटोक्यात आणावा.

६) रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या

कृत्रिम झडपेच्या रोग्यांत आपल्याकडे ॲसेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन ही गोळी चालू असते. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय बनावटीची झडप १९९० साली प्रथम रोग्याला बसविण्यात आली व त्यामुळे हे ऑपरेशन गरिबांच्या आवाक्यात येण्यास मदत झाली. परंतु धातूची कोणतीही झडप बसविली तरी गोळी जन्मभर घ्यावीच लागते.

या गोळीचा परिणाम आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरून कळतो. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. झडपेच्या रोग्यात तो साधारणपणे २ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. दात काढण्यापूर्वी २४ तासांच्या आत ही तपासणी करावी. ज्याचा आकडा नेहमी स्थिर असतो त्याच्यासाठी ७२ तासांपर्यंतची चालते. आकडा ३.५ पर्यंत असेल तर गोळी चालू ठेवूनच एक ते तीन दात काढता येतात. त्याहून अधिक असेल तर काम पुढे ढकलून गोळी देणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

रक्त थांबविण्यासाठी एका वेळी थोडेच दात काढावेत, जखमेत जिलेटिन स्पंज ठेवून टाके घालावेत, आणि ट्रानेक्झामिक ॲसिडमध्ये भिजविलेला बोळा अर्धा तास दाबून धरावयास लावावा. काम आठवड्याच्या सुरुवातीला व सकाळी करावे, म्हणजे नंतर रक्त आले तर डॉक्टर भेटतात. बाहेरगावच्या रोग्याला शेवटच्या एस.टी.च्या वेळेवर दात काढून पाठवू नये.

अलीकडे डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान अशा नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांच्यासाठी आयएनआर उपयोगी नाही. अवघड कामाच्या वेळी सकाळची मात्रा उशिरा घ्यावी काय, हे त्या डॉक्टरांनीच ठरवावे. धातूच्या झडपेसाठी या नव्या गोळ्या चालत नाहीत.

दातांसाठी सर्रास लिहून दिली जाणारी काही औषधे येथे घातक ठरतात. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशकामुळे व तोंडाच्या बुरशीवरील मायकोनॅझोल जेलमुळे वॉरफरिन व ॲसेनोकुमारॉलचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या रक्तस्राव व रक्तदाब वाढवितात आणि हार्ट फेल्युअर बिघडवितात. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल योग्य प्रमाणात द्यावे. मेडिकल दुकानातून स्वतःच दाढदुखीची गोळी आणणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

७) कोणाला आधी जंतुनाशक औषध द्यावे?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने याबाबतचे पहिले नियम १९५५ साली प्रसिद्ध केले. पुढे अनेक वर्षे जवळजवळ प्रत्येक झडपेच्या रोग्याला औषध दिले जाई. २००७ साली नियम बदलले व २०२१ साली ते पुन्हा तपासले गेले. आता पुढील रोग्यांनाच औषध देण्याची शिफारस आहे :

अ) कृत्रिम झडप किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम साहित्य बसविलेले,
आ) पूर्वी एन्डोकार्डायटिस होऊन गेलेले,
इ) जन्मजात हृदयरोगाचे काही प्रकार, उदाहरणार्थ ऑपरेशन न झालेली 'निळी' मुले, किंवा कृत्रिम साहित्य वापरून दुरुस्ती केल्यानंतरचे पहिले सहा महिने,
ई) हृदयरोपणानंतर झडप खराब झालेले.

स्टेंट, बायपास, पेसमेकर किंवा नुसता रक्तदाब यासाठी हे औषध लागत नाही. संधिवाताने खराब झालेली पण न बदललेली झडप या यादीत नाही; मात्र ऑस्ट्रेलियासारख्या देशात अशा रोग्यांनाही औषध दिले जाते. आपल्याकडे हा रोग बराच असल्याने अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञाचे लेखी मत घेणे उत्तम.

मोठ्या माणसाला ॲमॉक्सिसिलीन २ ग्रॅम, मुलांना दर किलो वजनास ५० मि.ग्रॅ., काम सुरू करण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे, एकदाच तोंडाने द्यावे. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास मोठ्या माणसाला ॲझिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ. किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. देता येते. पूर्वी वापरले जाणारे क्लिन्डामायसिन २०२१ पासून सुचविले जात नाही. ज्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन मिळते त्यांनी 'आमचे औषध चालूच आहे' असे समजू नये. त्यांच्यासाठी वेगळ्या गटाचे औषध निवडावे लागते. हे औषध दात काढणे, हिरड्यांखालील सफाई अशा रक्त येणाऱ्या कामासाठी आहे. एक्स-रे काढणे, कवळी बसविणे किंवा मुलाचा दुधाचा दात आपोआप पडणे यासाठी त्याची गरज नाही.

८) खुर्चीवर छातीत दुखू लागल्यास

काम त्वरित थांबवावे. तोंडातील बोळे, उपकरणे काढून रोग्याला बसते करावे. रक्तदाबाचा वरचा आकडा १०० पेक्षा कमी नसेल आणि रोग्याने सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतलेली नसेल तर सॉर्बिट्रेट ५ मि.ग्रॅ. जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर हार्ट अटॅक समजून १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. ॲलर्जी नसल्यास ॲस्पिरिन ३०० मि.ग्रॅ. चावून खावयास द्यावी. जखमेतून रक्त येत असेल तर बोळा दाबून ठेवावा. रोगी बेशुद्ध पडला व श्वास नीट नसेल तर त्याला कडक पृष्ठभागावर घेऊन छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सें.मी. खोल दाब द्यावेत. ३० दाबांनंतर दोन श्वास, असा क्रम ठेवावा. प्रत्येक दवाखान्यातील मदतनीसालाही हे शिकवून ठेवावे.

९) आपण काय करू शकतो?

यवतमाळ जिल्हा पुसद-उमरखेडपासून वणी-झरीपर्यंत पसरलेला आहे. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी आपल्याकडील पुष्कळ लोकांना नागपूर-वर्धा गाठावे लागते, पण दात मात्र तालुक्याच्या गावीच काढला जातो. तेथील दंतवैद्याला नागपूरचे कागद दिसत नाहीत. हे अंतर रोग्याजवळचा एक साधा कागद भरून काढू शकतो. त्यावर आजाराचे नाव, ऑपरेशनचे वर्ष, झडप किंवा स्टेंटचा प्रकार, चालू गोळ्या, शेवटचा आयएनआर, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा फोन एवढे लिहावे व तो नेहमी सोबत बाळगावा. शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या आजी-आजोबांसाठी असा कागद तयार करून द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे. संस्थांच्या दंत तपासणी शिबिरातही रक्तदाबाचे यंत्र व असे कोरे कार्ड अवश्य ठेवावे.

आठवडी बाजारात रस्त्यावर बसून दात काढणाऱ्याकडे हृदयरोग्याने कदापि जाऊ नये. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय येथे विचारणा करावी. झडप बसविण्यासारख्या मोठ्या ऑपरेशनच्या खर्चासाठी शासनाची योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावे सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. ऑपरेशनची तारीख ठरली की त्यापूर्वीच किडके दात काढून, भरून तोंड निर्जंतुक करून घ्यावे, हे फार महत्त्वाचे आहे.

खर्ऱ्याबद्दल वेगळे सांगावयास हवे. तंबाखूने हृदयाचे नुकसान होते आणि खर्ऱ्यातील सुपारीने तोंड आखडत जाते. दोन बोटेही शिरत नाहीत अशा तोंडात दंतवैद्य दाढ कशी काढणार? ज्या हृदयरोग्याचे तोंड उघडत नाही त्याच्यासाठी साधी गोष्टही अवघड होऊन बसते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, परंतु व्यसन सोडणे शेवटी आपल्याच हाती आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर, दिवसातून दोनदा दात घासावेत, सहा महिन्यांनी तपासणी करावी, आजार सांगावा, गोळ्या दाखवाव्यात आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. घाटंजीच्या त्या बाईला शेजारणीने एवढेच सांगितले असते की, "गोळी चालू ठेव, आणि जाताना झडपेचे कागद घेऊन जा," तर तिची दाढही निघाली असती आणि जीवही सुरक्षित राहिला असता. आपल्यापैकी प्रत्येकजण कोणाचा ना कोणाचा शेजारी आहे. हा लेख वाचून झाल्यावर ज्या घरात हृदयाचा रोगी आहे त्या घरी ही माहिती पोहोचवावी, ही नम्र विनंती.